निवळबाबा होऊन गेले का

ताम्रपट पुरावा म्हणून धरता येणार नाही असं टिळेकरबाईंनी सांगितलं, आणि माझा थोरला भागवत बसल्या जागेवरून वीतभर वर गेला. मांडी घातलेलीच होती. पाट खाली तसाच राहिला.

"उतर खाली," मी म्हटलं. "पाहुणे आलेत."

"उतरता येत नाही, माय."

टिळेकरबाई विद्यापीठातून आल्या होत्या. संतांचा मोठा कोश निघायचा होता. त्याचे दोन भाग. पहिल्यात खरे होऊन गेलेले, दुसऱ्यात लोकांनी आपल्या मनाने केलेले. आमच्या निवळबाबांना कुठल्या भागात बसवायचं, हे ठरवण्याचं काम बाईंकडे होतं. बाबांनी पंथ काढला, नदीकाठी बसून चार गावांना शहाणं केलं, हे या तीरावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण बाईंना शेंबडी पोरं चालत नव्हती.

भागवत वर का गेला ते मला लगेच कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नाही. आमचं घराणं बाबांच्या मुठीतल्या तांदळांवर उगवलेलं आहे. मूळपुरुष भिवाजी, त्यांना मूलबाळ नव्हतं. बाबांनी त्यांच्या बायकोच्या ओटीत मूठभर तांदूळ घातले, तिथून वंश सुरू झाला. आता बाबाच नसतील तर मूठ कुठली, आणि मूठ नसेल तर भागवत कशाच्या जोरावर पाटावर बसणार? मी मात्र माझ्या जागी घट्ट होते. मी या घरात लग्न करून आले. माझं वजन माझ्या बापाने दिलेलं आहे.

"आजी, या पटावर एकही अक्षर नाही," बाई म्हणाल्या.

"मी तुमची आजी नाही. गाव मला मोठ्याबाई म्हणतं."

"मोठ्याबाई, एकही अक्षर नाही."

"होती. माझ्या आजेसासूबाईंनी बोट फिरवलेलं होतं त्यांच्यावरून."

"मग गेली कुठे?"

"दर सोमवारी आम्ही पट चिंचेने घासतो. या घरात एक सोमवार चुकलेला नाही. बघा ना, तोंड दिसतं त्यात."

बाईंनी पट उचलून बघितला. त्यात त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी कपाळावरचे केस सारखे केले आणि पट परत ठेवला. त्या हसल्या असत्या तर मी त्यांना चहासुद्धा दिला नसता. पण हसल्या नाहीत. उलट त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि ते मला जास्त झोंबलं.

माझी सून कमळ आतून विहिरीचा सोल, पाणी ओढायचा जाड दोर, घेऊन आली. तिने नवऱ्याच्या कमरेला एक गाठ मारली आणि दुसरं टोक जात्याच्या खुंट्याला बांधलं. कमळ नदीपलीकडच्या कुंभारखेड्याची. तिकडच्या बायका कामात वाघीण, पण मनात काय शिजतं ते कळू देत नाहीत.

"बाबांचा शेवट कसा झाला?" बाईंनी विचारलं.

"नदीत चालत गेले, आले नाहीत."

"खालच्या गावात सांगतात की बैलाने ढुसणी दिली. वरच्या गावात सांगतात की झोपले आणि त्यांचा दगड झाला. मी दगड बघून आले."

मी म्हटलं, "तिन्ही गावांनी एकच सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, यांनी आधी बसून ठरवलंय. माझ्या लग्नात पंगतीला काय होतं ते चौघांना विचारा. एक बुंदी सांगेल, एक शिरा सांगेल. म्हणून माझं लग्न झालंच नाही का?"

"ते चौघे तुमच्या लग्नाला होते, मोठ्याबाई. या तीन गावांतलं कुणीच तिथे नव्हतं. ही गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी सांगितली तेव्हा बाबांना जाऊन तीन-चार पिढ्या लोटल्या होत्या."

उत्तर चांगलं होतं. मी दुसरीपर्यंतच शिकले, कारण तिसरीचे मास्तर मला आवडले नाहीत, पण चांगलं उत्तर मला ओळखू येतं. म्हणून राग आला.

"आणि त्यांची शिकवण?" मी म्हटलं. "पाणी ढवळू नका, आपोआप निवळेल. हे काय हवेतून आलं?"

"हे वाक्य निदान दहा संतांच्या नावावर आहे."

"मग दहाही जणांनी आमच्या बाबांचं उचललं."

"किंवा बाबांच्या नावावर दहांचं आलं. कुठून कुठे गेलं ते सांगता येत नाही."

धाकटा हिरामण तेवढ्यात शेतातून आला होता आणि दाराशी पाय धूत होता. एक पाय धुऊन झाला होता. दुसरा त्याने उचलला, मग पहिलाही उचलला गेला. तांब्या हातात घेऊन तो चौकटीच्या वर निघाला.

"माय, हे काय चाललंय?"

"विद्यापीठ चाललंय," मी म्हटलं. "तांब्या खाली टाक, डोक्यावर पडेल कुणाच्या."

त्यालाही बांधलं. छपराला जाऊन टेकले असते तर तेवढी चिंता नव्हती, पण छप्पर त्यांना टेकू देत नव्हतं. ते हातभर वर गेले की कौलंही हातभर वर सरकत. आमची ओसरी एरवी उंच माणसाला वाकायला लावते. आता तिथे नारळाचं झाड मावलं असतं. सोल पुरेना म्हणून कमळने त्याला माझं जुनं लुगडं जोडलं.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला हे दिसतंय ना?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्या विषयात येत नाही."

त्यांनी चष्मा पुसला. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मोठ्याबाई, मला बाबांना खोटं ठरवायची हौस नाही. पण बाबांची थोरवी सांगणारी गोष्ट मला उपयोगाची नसते. थोरवी कुणीही रचतं. मला अशी गोष्ट हवी, जी सांगताना तुम्हालाच अडचण वाटते. जी तुम्ही झाकली असती, पण इतकी खरी होती की झाकता आली नाही. आहे काही?"

"आमच्या बाबांचं अडचणीचं काही नाही."

"गोधडी आहे," कमळ म्हणाली. ती लुगड्याची गाठ आवळत होती, मान वर केली नव्हती.

"कमळ, चहा ठेव."

"ठेवलाय, आत्याबाई. उकळतोय."

"मग उतू जातोय का बघ."

"पातेलं मोठं घेतलंय."

बाईंची लेखणी थांबली होती. "कसली गोधडी?"

कमळने सांगितलं. तिच्या माहेरी बायका दळताना सांगायच्या. थंडीचे दिवस होते. निवळबाबा नदीतून ओलेच निघाले आणि त्यांनी एका कुंभारणीच्या कुडावर वाळत घातलेली गोधडी चोरली. ती मागे लागली, वेशीपाशी गाठलं. सगळ्या गावादेखत तिने त्यांना केरसुणीने मारलं. ते वाकून उभे राहिले, ती दमेपर्यंत. मग तिनेच विचारलं, अरे मेल्या, पळाला का नाहीस. ते म्हणाले, थंडी वाजत होती.

आत चहा उकळत होता.

"असं कुणी आपल्या गुरूबद्दल रचत नाही," टिळेकरबाई हळू म्हणाल्या, आणि भागवत चार बोटं खाली आला. हिरामणच्या पायाचा अंगठा उंबऱ्याला लागला. त्याने तो लगेच उंबऱ्यावर दाबून धरला, लहानपणी पाटी दाबून धरायचा तसा.

मी म्हटलं, "खोटं आहे."

"माय," भागवत म्हणाला.

"खोटं आहे. कुंभारखेड्याला आमचा मान कधी सोसला नाही. बाबा आमच्या तीरावर बसले, त्यांच्या नाही, म्हणून हे रचलं. चोर म्हणे. ज्याच्या पायावर चार गावं डोकं ठेवतात, त्याला केरसुणीने मारलं म्हणे."

दोघेही वर गेले, आणि या वेळी सावकाश नाही. सोल ताणला गेला आणि जात्याचा वरचा दगड कोपऱ्यात उचलला गेला.

बाई म्हणाल्या, "तसंही असू शकतं. वैऱ्यांनी रचलं असेल तर गोष्टीला किंमत नाही. पण हीच गोष्ट या तीरावर, तुमच्या घरातही कुणी सांगत असेल, तर मात्र ती रचलेली नाही. वैरी आणि घरचे मिळून एकच लाज रचत नाहीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दरवर्षी तुमच्या घरी नवी गोधडी शिवतात. बाबांच्या गादीवर घालायच्या आधी ती एक रात्र पलीकडे कुंभारांच्या घरी ठेवायला जाते. खरं ना?"

"खरं."

"का जाते?"

"त्यांचा मान आहे."

"कसला मान?"

"मानाला कसला असं विचारत नाहीत."

तेवढ्यात रुख्मा वर गेली. माझी नात. ती अर्धी कमळची आहे, म्हणून तिला उशीर लागला. परकरात वारा भरला आणि ती कमळच्या डोक्यावरून हसत निघाली. "आज्जी, हिरामणकाकाला टक्कल पडतंय," ती वरून म्हणाली. कमळने उडी मारून तिचा घोटा पकडला. दोर संपले होते. आता हात होता.

कमळने मग माझ्याकडे बघितलं. सून सासूकडे बघते तसं नाही. बाजारात एक बाई दुसरीकडे बघते तसं.

"आत्याबाई, तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ही गोष्ट सासू सुनेला सांगते. माझ्या आईला दळताना तिच्या सासूने सांगितलं. तुम्हाला गोधडी शिवताना तुमच्या सासूने सांगितलं असणार. फक्त तुम्ही मला सांगितलं नाहीत."

मी वर बघितलं. छप्पर आता इतकं वर होतं की कौलं कुठली आणि ढग कुठला ते ओळखू येत नव्हतं.

सासूबाईंनी सांगितलं होतं. माझ्या पहिल्या वर्षी, याच ओसरीवर, दोरा दाताने तोडता तोडता. शेवटी म्हणाल्या होत्या, ही गोष्ट सुईत ओवायची, तोंडात नाही. मी ती तोंडात घेतली नाही. मी चालत गेले की पारावरची माणसं उठून उभी राहतात. बाबांच्या घरची बाई, म्हणून. चोराच्या घरची बाई म्हणून कोण उठेल?

मी दोन्हीकडून विचार केला. बोलले नाही, तर बाबा दुसऱ्या भागात जाणार. तिथे ते स्वच्छ राहणार, अंगावर एक ओरखडा नाही, आणि माझी माणसं त्यांच्या मागून जाणार. बोलले, तर बाबा पहिल्या भागात येणार. पण येणार ते मार खाल्लेले. आणि ज्या गावांनी त्यांना कधी मार खाताना पाहिलं नाही, त्यांना ते माझ्या तोंडून कळणार. एवढी वर्षं मी दुपारी पडदा ओढून त्यांच्या रिकाम्या गादीला वारा घातला. त्यांना कुणी उघडं बघू नये म्हणून.

"मोठ्याबाई," टिळेकरबाई म्हणाल्या, "मला घाई नाही."

"मला आहे," कमळ म्हणाली. तिच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. तिचं स्वतःचं वजन शाबूत होतं, पण पोर ओढत होती.

मी म्हटलं, "सांगितलं होतं. माझ्या सासूने. गोधडी त्यांनीच चोरली. मार खाल्ला. लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. भागवत खाली येऊ लागला, हिरामण आला, रुख्मा तोंड वाकडं करत आली, तिला वरच बरं वाटत होतं. छप्परही खाली आलं. मग सगळे जमिनीपासून वीतभर उंचीवर थांबले. पुढे कुणी खाली येईना.

"काय राहिलं?" मी विचारलं.

बाई कागदाकडे बघत होत्या. "दोन्ही तीरांवरून तेच येतंय. गोधडीच्या चालीतही तेच आहे. पण सगळं ऐकलेलं आहे. मार कुणी पाहिलेला नाही."

"मी कुठून बघणार?"

त्यांनी कागदावरून मान वर केली. नदीकडचं दार उघडलं होतं. त्यातून एक माणूस आत आला. हडकुळा, ओला, माझ्या धाकट्याएवढाही वयाने नसेल. खांद्यावर आमची या वर्षाची गोधडी होती, अर्धी शिवलेली, सुई तिला लटकत होती. त्याने आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. गोधडी माझ्या पायाशी ठेवली, पाठ फिरवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि वाकला.

त्याच्या पाठीवर एकही वळ नव्हता.

"आत्याबाई," कमळ म्हणाली. एका हातात तिने रुख्माचा घोटा धरला होता. दुसऱ्या हाताने ती केरसुणी माझ्यापुढे करत होती. मी ती घेतली.

टिळेकरबाईंनी लेखणी उचलली. "मी बघते आहे," त्या म्हणाल्या.

मुलांचे पाय जमिनीच्या वर हलत होते. माझा हात डोक्याच्या वर गेला होता, आणि ती पाठ थंडीने कापत होती.