मालिनीच्या नावाची देणगी

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या लायब्ररीतल्या मागच्या खोलीत पुरुषोत्तम दर शनिवारी हायस्कूलच्या पाच मुलांना निवडणुकीतला पैसा शोधायला शिकवत. केमिकल प्लँटमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी चारचौघांत बोलायची वेळ आली की ते टाळत. हे काम घ्या म्हणणाऱ्या, मुलांच्या शाळेतल्या बाईंना नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून ते शिक्षक झाले होते. काम साधं होतं. सिटी कौन्सिलच्या उमेदवारांनी जाहीर केलेल्या देणगीदारांच्या याद्या उतरवून काढायच्या: कोणी दिले, किती, कधी. मग त्यांचे आलेख. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी एकच नियम लिहिला होता: नोंद खरी असेल तशीच मांडायची, माणूस आपला असला तरी.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सावनी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. सोळा वर्षांची, पाचांत सगळ्यात चिकाटीची.

"आजोबा, आय फाउंड समथिंग," ती हळूच म्हणाली. "देवयानीमावशीच्या लिस्टमध्ये."

देवयानी मराठी मंडळातली. कौन्सिलला उभी राहिलेली त्यांच्यातली पहिलीच. पडद्यावर दोन ओळी होत्या. पुरुषोत्तम, पाचशे डॉलर. मालिनी, गृहिणी, पाचशे डॉलर. दोन्हींची तारीख फेब्रुवारीतली, एकच.

"मालिनीआजी तर तीन वर्षांपूर्वी गेल्या ना? मी आले होते फ्युनरलला. मावशीने मेलेल्या माणसाचं नाव घातलंय. धिस इज ह्यूज."

पुरुषोत्तम त्या ओळीकडे बघत राहिले. गणपतीची वर्गणी असो की देवळाच्या फरशीचे पैसे, त्यांच्या घरून देणगी कायम जोडीने जायची, दोन नावांच्या दोन पावत्या. मालिनी गेल्यावरही त्यांनी ते मोडलं नव्हतं. देवयानीने देणग्यांसाठी ठेवलेल्या चहाला त्यांनी तसेच दोन फॉर्म भरले आणि दोन चेक लिहिले. चेकबुकावर तिचं नाव अजून छापलेलं होतं. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत एक चौकोन होता: हे पैसे माझे स्वतःचे आहेत. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा मागून पुढून वाचणाऱ्या माणसाने तिथे न वाचता खूण केली होती. दुसऱ्याच्या नावाने पैसे देणं गुन्हा आहे, हे त्यांनीच मुलांना दुसऱ्या तासाला सांगितलं होतं.

ते मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी बघू. घाई नको."

सावनी बुधवारपर्यंत थांबली. मग बाईंना दाखवून तिने आलेख शाळेत लावला. मालिनीची ओळ लाल केली होती. कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि रात्रीपर्यंत तो गावभर फिरला. सकाळी विरोधकांची पत्रकं घरोघर पडली: देवयानीला मेलेली माणसं पैसे देतात. मतदान चार दिवसांत सुरू होणार होतं.

गुरुवारी पुरुषोत्तमांनी देवयानीला फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं. सिटीच्या ऑफिसात लेखी कबुलीही देऊन येतो म्हणाले.

"द्या काका," ती म्हणाली. "पण ती आता कोण वाचणार?"

त्यांनी ती दिली. खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि कागद एका ट्रेमध्ये टाकला. शनिवारी सकाळी टपालात देवयानीने परत केलेला पाचशेचा चेक आला. तो मालिनीच्या नावाने होता. त्यांनी तो पाकिटासकट तिच्या फोटोमागे सरकवला आणि लायब्ररीत गेले.

एकटी सावनीच आली होती. बाकीच्या चौघांना आईबापांनी पाठवलं नव्हतं. तिचे डोळे सुजले होते.

"आईने सांगितलं, चेक तुम्ही दिला होता. मी मावशीला सॉरी म्हणून आले. शी वॉज नाइस. दॅट्स वर्स." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "मी करेक्शन लिहिलंय. बरोबर आहे का बघा."

लाल ओळीखाली तिने इंग्रजीत टीप दिली होती: ही देणगी पतीने, नियम लक्षात न आल्याने, पत्नीच्या स्मरणार्थ दिली. उमेदवाराला याची कल्पना नव्हती. गुरुवारी चूक लक्षात येताच पतीने ती स्वतःहून कळवली.

पुरुषोत्तमांनी टीप दोनदा वाचली. पोरीने त्यांना सांभाळून घेतलं होतं. मान डोलावली असती तर ती तशीच छापली गेली असती. त्यांची नजर फळ्याकडे गेली. नियम अजून पुसलेला नव्हता.

"एक चुकलंय," ते म्हणाले. "चूक लक्षात आली ती गुरुवारी नाही. शनिवारी."

"कुठला शनिवार?"

"तू मला दाखवलंस तो."

सावनीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती त्यांच्याकडे बघायची थांबली. तिने गुरुवारच्या आधी लिहिलं: चूक शनिवारी कळली होती. मग 'चूक लक्षात येताच' आणि 'स्वतःहून' हे शब्दही एकेक करून काढून टाकले. फाइल सेव्ह केली, लॅपटॉप बॅगेत घातला आणि जाताना खुर्ची आवाज न करता आत सरकवली.