राणी जाऊन राहिली

सुपातून सुटलेला धानाचा कोंडा कार्तिकातल्या तिरप्या उन्हात तरंगत असावा, आणि त्या सोनेरी धूसरतेतून आधी काकणांचा नाद, मग माणूस उमटावे. गोंदियाजवळच्या कामठ्यातल्या माझ्या सासूबाई आठवतात त्या अशा. उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र बांध ओलांडून जाणाऱ्या.

त्यांच्या वर्षाला ऋतू एकच: मंडई. दिवाळी सरली की गावोगाव भरणारी ती जत्रा. लेकी माहेरी येत, धान खळ्यावर येई आणि त्यांच्या मागोमाग तंबूचा सिनेमाही येई. दर वर्षी तोच. पोथीतल्या एका वनवासी राणीच्या कथेवरचा, हिंदी बोलणारा, ओरखड्यांच्या पावसात कायमचा भिजलेला. त्यातले अरण्य पुठ्ठ्याचे होते, आणि ते कोणालाही दिसत होते.

मला तर फारच दिसले. स्वातंत्र्य नवे होते, मीही नवी होते. पुण्याहून लग्न होऊन आलेली एकोणीस वर्षांची विदुषी, नाकाला रुमाल आणि जिभेवर अभिप्राय घेऊन तंबूत बसलेली. शेतकी शिकायला पुण्यात आलेल्या तरुणाच्या देखणेपणावर भाळताना त्याचे गाव नकाशात शोधायचे राहून गेले होते. आता गाव पाहिले होते आणि ट्रंक भरली होती. उद्या माहेरी जायचे ते परत न येण्यासाठी, हा बेत मी नवऱ्यालाही सांगितला नव्हता.

मध्येच फीत तुटली. रित्या पडद्यावर शिट्ट्यांचा भडिमार झाला. सासूबाईंनी पदर सावरला आणि कथा तुटली तिथून आपल्या झाडीबोलीत पुढे सुरू केली. त्यांच्या तळहातांच्या मिटण्यात राजवाड्याचे महाद्वार मिटले, बोटांच्या थरथरीत रानातली पाने हलली.

"पाहा वो बायांनो, राणी जाऊन राहिली!"

मी कर्तव्यबुद्धीने कुजबुजले, "अहो, ती अजून दारातच आहे. राहिली कुठे?"

"थेच तं सांगून राहिली ना मी!"

अख्ख्या रांगेने माझ्याकडे कीव करून पाहिले. डोके दुखते म्हणत मी सिनेमा अर्धा टाकून घरी आले.

सकाळी गोंदियाच्या स्टेशनासाठी बैलगाडी जुंपली. शेजारणीने कुंपणापलीकडून विचारले, "सून कोठं चालली वो?"

"माहेराले जाऊन राहिली!" सासूबाई गरजल्या.

त्यांच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की निघाली आहे. माझ्या पुणेरी कानांनी ऐकले: जाऊन तिथेच राहिली. म्हणजे यांना कळले! ट्रंकेवर बसून मी भोकाड पसरले, "मी परत येणार नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकणे थांबली. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अंगणभर देऊन बसलेली अशी शहाणी कामठ्याने त्यापूर्वी पाहिली नसावी.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून ढगाची सावली शेतावरून सरकावी तसे काही सरकले. मग त्यांनी माझे नाक स्वतःच्या पदराने पुसले, तेही चांगले खसाखसा.

"कायले रडून राहिली? जाय. यावं वाटलं तं येजो. कालची राणी वापस आली, तवा कोनं इचारलं तिले, काऊन आली म्हून?"

"वापस येते?" मी हुंदक्यातून विचारले. शेवट मी पाहिलाच नव्हता.

"हाव. दर साली येते."

पुढच्या मंडईला मी कामठ्याला आले. केवळ सिनेमाचा शेवट पाहायला, असे नवऱ्याला ठणकावून सांगितले. तो मिशीत हसला. कोणी काही विचारले नाही. तंबूत सासूबाई फक्त सरकून बसल्या, आणि सतरंजीवर त्यांच्या उबेची एक जागा माझ्यासाठी मोकळी झाली.

तो सिनेमा का टिकला, हे मला विचारा. जुनी कथा सर्वांनाच ठाऊक होती. परंतु तिचा शेवट ठाऊक असलेले माणूस शेजारी बसून, जणू आजच कळल्यासारखे डोळे पुसते, तेव्हा त्या ओलाव्यात पुठ्ठ्याच्या अरण्यालाही पालवी फुटते. आता माझ्या नाती दिवाळीत घरीच तो लावतात, अरण्याला खदखदून हसतात, आणि राणी परतू लागली की एकेक करून माझ्याजवळ सरकतात.

परतणाऱ्यासाठी जागा धरून बसलेले माणूस एक दिवस कायमचे उठून जाते, आणि काळ निमूटपणे आपल्यालाच तिथे बसवतो. ज्यांच्या येण्याची वाट आता कोणी पाहत नाही, त्यांच्यासाठीही थोडे सरकून बसणे, यालाच बहुधा स्मृती म्हणत असावेत.