प्रॉफेटचा न संपणारा डबा

चर्चच्या अंगणात दोनेकशे माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा पुढच्या बाकावर खिळल्या होत्या. बाकावर बाटलीच्या दुधावरची नऊ तान्ही पोरं, आणि एकही रडत नव्हतं.

"ऐका ही शांतता!" प्रॉफेट ओबादिया माइकमध्ये गरजला. "प्रभूच्या पाच भाकरींत पाच हजार जेवले की नाही? मग एका चमच्यात एक लेकरू का नाही जेवणार? बाटलीभर पाणी, चमचाभर भुकटी, बाकीचं प्रार्थना भरते!"

"आमेन, पापा!"

एका बाईचा दूधभुकटीचा अर्धा रिकामा डबा त्यानं पडद्याआड नेला, डोळे मिटून पुटपुटला आणि काठोकाठ भरून आणला. गर्दी नाचायला लागली.

दवाखान्यातल्या सिस्टर मुकुकानं आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगला. किट्वेच्या या खाणवस्तीत ती अठरा वर्षं महिन्यातून एकदा पोरं तोलायला येत होती. आधी हिवतापाचं तेल विकणारा येऊन गेला, मग मंतरलेलं पाणी विकणारा. आता हा. तिला रागही धड येईना, नुसते पाय दुखत होते.

रांगेत पहिली नसामा आली. तिची बहीण बाळंतपणात गेली, मागे राहिलेला कासुबा आता अडीच महिन्यांचा. त्याला आईचं दूध नाही, म्हणून डबा.

"बघा ना सिस्टर, किती गुणी झालाय! आधी वस्ती डोक्यावर घ्यायचा."

काट्याच्या झोळीत कासुबा हललासुद्धा नाही. साडेतीन किलो. मागच्या महिन्यात चार होता. सिस्टरनं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"लंगोट दिवसाला किती ओले होतात?"

"एक... कधी तोही नाही. पापा म्हणाले, शुद्धी आहे."

"शुद्धी कसली! उपाशी आहे पोर. रडायलाही ताकद लागते, नसामा."

प्रॉफेट माइकसकट धावत आला. "सिस्टर, तुमच्या काट्यावर श्रद्धा तोलता येत नाही!"

"श्रद्धा राहू दे पापा, मी पोर तोललंय. आणि त्या पाच हजारांचं जेवण झाल्यावर बारा टोपल्या उरल्या होत्या. इथं पोरही उरेनासं झालंय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

सिस्टरनं दोन वाट्या मांडल्या. एकीत नसामाच्या, पडद्याआडून भरून आलेल्या डब्यातली भुकटी, दुसरीत त्याच कंपनीच्या सीलबंद डब्यातली. दोन्हींत पाणी घालून जखमेवर लावायचं आयोडीन थेंबथेंब टाकलं. सीलबंदातलं दूध पिवळट झालं. नसामाचं शाईसारखं निळंकाळं.

"सैतान!" प्रॉफेट किंचाळला.

"पीठ," सिस्टर म्हणाली. "कसाव्याच्या कंदाचं. घरी जा आणि मक्याच्या पिठाच्या न्शिमावर हेच औषध टाकून बघा, तीही काळी पडेल. डबा पडद्याआड पिठानं भरतो हा. त्यातलाही एकच चमचा बाटलीभर पाण्यात."

कुणीतरी पडदा ओढला. मागं कसाव्याच्या पिठाचं पोतं होतं.

प्रॉफेट गाडीत बसून पळाला, गाडीमागे काही पुरुष धावले. पंधरावीस बायका मात्र तिथंच गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिल्या. सिस्टरनं तिकडे पाहिलंच नाही.

"हे पाप माझं ना, सिस्टर?" नसामानं विचारलं.

"रडायचं नंतर. आधी आमच्या गाडीत बस, ड्रायव्हर लगेच नेईल. दवाखान्यात थोडंथोडं करूनच पाजावं लागेल, एकदम भरलं तर मरेल."

मग तिनं गर्दीकडे तोंड केलं. माइक नव्हता, आवाजही बसला होता.

"आईचं दूध असेल तर तेच पाजा. नसेल तर डबा, पण डब्यावर लिहिलंय तसा. आधी उकळलेलं पाणी मोजून घ्या. या डब्याला तीस मिलीला एक चमचा, सुरीनं सपाट केलेला. कमी नको, जास्तही नको. पोराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण दीडशे मिली, आठेक वेळांत वाटून. भूक दाखवली तर आणखी द्या, तोंड फिरवलं तर कोंबू नका. दिवसाला सहा लंगोट ओले झाले पाहिजेत. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली? प्रार्थना करायची तर जरूर करा. पण पोर गप्प झालं की आधी त्याचं वजन करा, टाळ्या मागनं वाजवा. चला, पुढची कोण? आणा इकडे."