मला हार नको, वायर जोडा

मी एक जुना कर्णा आहे. लाऊडस्पीकरचा कर्णा. माझा आवाज मोठा आहे आणि स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून तक्रार नको. माझ्या एका गालाला पोचा पडला आहे, रंग उडाला आहे, आणि माझा मुक्काम डहाणू रोडला गोपीनाथच्या दुकानात आहे. हा गोपीनाथ लग्नकार्याला सतरंज्या, भांडी, गॅसबत्त्या आणि मला भाड्याने देतो.

मित्रांनो, तुमच्या घरातली मोठी माणसे म्हणत असतील, "कर्णे आले आणि गाणारी माणसे संपली." हे वाक्य मी इतक्या मांडवांत ऐकले आहे की माझा पत्रा तापतो, आणि तो उन्हाने तापत नाही. मी कुणाला संपवले? मी नुसते तोंड आहे. त्या तोंडात काय घालायचे ते माणसेच ठरवतात, आणि वर मलाच बोल लावतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. म्हणून आज मी मनोरमाबाईंची आणि माझी हकिकत सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याला यंत्रावर गरगर फिरवून मला आकार दिला. त्या वेळी आलेली चक्कर अजून पुरती उतरलेली नाही. १९५२ साली गोपीनाथने मला गोणपाटात गुंडाळून आगगाडीने डहाणूला आणले. पहिल्यांदा मला धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावात, एका सत्यनारायणाच्या पूजेला, ताडाच्या झाडावर बांधले. बांधण्याआधी पुतळी नावाच्या कोळणीने माझ्या तोंडात डोकावून पाहिले आणि गोपीनाथला विचारले, "याला खावाला काय घालतंस रं?"

गोपीनाथने मोटारीची बॅटरी दाखवली. पुतळीने ती हुंगली, नाक मुरडले आणि म्हणाली, "मंग आवाज कडू निंगल."

कडू निघाला नाही. कारण त्या दिवशी माझ्यातून पहिला आवाज निघाला तो रेकॉर्डवरच्या मनोरमाबाईंचा.

मनोरमाबाईंचे नाव तोवर झालेले होते. त्यांचे यजमान दशरथराव डहाणू रोड स्टेशनात नोकरीला. बाई लहानपणापासून गणपतीच्या मेळ्यांत गात आल्या होत्या. ऐन तरुणपणी मुंबईला जाऊन त्यांनी एक रेकॉर्ड दिली होती. 'थांब रे भरतीच्या पाण्या' हे ते गाणे. डहाणूत ज्याच्या घरी फोनो होता त्याच्या घरी ही तबकडी होतीच. बारसे असो की मुंज, बाई दिसल्या की लोक म्हणत, "बाई, भरतीचं पाणी होऊन जाऊ द्या." बाई गात. हसून गात. पण एकदा मांडवातून निघताना त्या दशरथरावांना म्हणाल्या, "अहो, या लोकांना वाटतं मी वीस वर्षांत दुसरा श्वासच घेतला नाही."

मी आलो तेव्हा मेळ्यातल्या बाकीच्या जुन्या गायकांनी माझ्याशी वैर धरले. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. ते माईक तोंडात धरून ओरडत, मी किंचाळत असे, आणि मग ते म्हणत, यंत्र वाईट आहे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

मनोरमाबाई मात्र एका दुपारी दुकानात आल्या. "गोपीनाथ, जोडून दे जरा. याच्याशी ओळख करून घेते," म्हणाल्या. चाळिशी उलटलेली बाई भांड्यांच्या ढिगात उभी राहून हळू आवाजात गायली. वरचा सूर आला की एक पाऊल मागे, शब्द हळवा आला की पुढे. कितीतरी दुपारी त्यांनी हे केले. मग मी त्यांच्यासाठी कधी किंचाळलो नाही. सांगा, यंत्राने गायक मारला का? ज्याने ओळख करून घेतली त्याचा आवाज मी शेजारच्या मसोली गावापर्यंत पोचवला.

पुढे बाईंचा आवाज जाड झाला. वयाने व्हायचाच. त्यांनी गाणी खालच्या पट्टीत घेतली. लगेच कुजबुज सुरू झाली, बाईंचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. आंबा पिकल्यावर कैरीचा आंबटपणा कुठे गेला म्हणून कोणी रडत बसते का? पण माणसे गाण्याच्या बाबतीत रडतात. मला तेव्हाही राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.

त्याच सुमारास तलासरीकडच्या एका पाड्यावर देवजी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीची, शुक्रीची, हळद होती. एसटीच्या टपावर बांधून मला तिकडे नेले. बाईंनाही मानाने बोलावले होते. बाईंनी आपले प्रसिद्ध गाणे म्हटले. बायकांनी ते शांतपणे ऐकले. मग देवजीची आई सोनीबाई पदर खोचत म्हणाली, "बाय, तुजा गाना बेस हाय. पन त्यात आमी कुठं हाव?"

आणि तिने स्वतः गायला सुरुवात केली. त्या पाड्याची रीत अशी की हळदीच्या गाण्यात मांडवातल्या माणसांची नावे घालायची, त्यांच्या खोड्या काढायच्या, आणि ज्याचे नाव येईल त्याने ओ द्यायची. ओ दिल्याशिवाय गाणे पुढे सरकत नाही. सोनीबाईने आळशी जावयाला घेतले, भांडकुदळ चुलतीला घेतले, दारातल्या म्हाताऱ्या बैलालासुद्धा घेतले. प्रत्येक जण हसत ओ देत होता. बैलाची ओ त्याच्या धन्याने दिली.

बाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. परतीच्या वाटेवर त्या गोपीनाथला म्हणाल्या, "मी वीस वर्षं लोकांना एकच गाणं ऐकवलं. या म्हातारीचं गाणं रोज नवं होतं, कारण माणसं रोज नवी येतात."

तेव्हापासून मनोरमाबाई ज्या घरी जात त्या घरचे गाणे बांधू लागल्या. चाल कधी जुनी, कधी तेव्हाच्या सिनेमाच्या वळणाची. नावे मात्र त्याच घरची. महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी त्यांनी गावातल्या साऱ्या आळ्यांची नावे घालून गाणे केले. रेकॉर्ड लावणे तेव्हा गावात सर्रास सुरू झाले होते, पण रेकॉर्ड तुमच्या आत्याचे नाव घेऊ शकते का? नाही ना? म्हणूनच पन्नाशीला आलेल्या बाईंना बोलावणी येत होती.

आणि इथे वासुदेवराव आले. वासुदेवराव मामलेदार कचेरीत मोठे कारकून आणि गणेशोत्सवाचे चिटणीस. माणूस सज्जन. भरतीच्या पाण्याची तबकडी त्यांनी मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. १९६३ साली ते दुकानात येऊन गोपीनाथला म्हणाले, "यंदा मनोरमाबाईंचा सत्कार करायचा. शाल, नारळ, मानाची खुर्ची. आणि तुझ्या कर्ण्यावर त्यांची ती रेकॉर्ड लावायची."

"आणि बाई गाणार कधी?" गोपीनाथने विचारले.

"आता त्यांना दगदग कशाला? आवाज उतरलाय. लोकांच्या मनात तो जुना आवाज आहे, तोच राहू दे."

ते गेल्यावर गोपीनाथ पातेले घासता घासता स्वतःशीच पुटपुटला, "शाल घातली की माणूस गेला. पुन्हा कोण बोलावतंय?"

मित्रांनो, इथे माझ्या संतापाला वाट करून देऊ द्या. जो माणूस अजून गातो आहे त्याला खुर्चीत बसवायचे, आणि त्याचाच जुना आवाज त्याला ऐकवायचा! हा कसला सत्कार? हा तर हार घालून दिलेला निरोप. आणि हे काम माझ्याकडून करून घ्यायचे होते. बाईंनी तर त्या वर्षासाठी नवे गाणे तयार ठेवले होते. सत्कारानंतर आपला कार्यक्रम आहे, असेच त्या धरून चालल्या होत्या.

संध्याकाळी मांडव भरला. बाईंना शाल पांघरली, नारळ दिला. वासुदेवरावांनी भाषण केले आणि स्वतःच्या हाताने तबकडीवर सुई ठेवली. माझ्या तोंडातून वीस-बावीस वर्षांची मनोरमा गाऊ लागली. लोकांचे डोळे भरून आले. पण सगळे माझ्याकडे, वर खांबाकडे पाहत होते. खुर्चीकडे कोणाचीही नजर नव्हती. बाईही माझ्याकडेच पाहत होत्या. मला घसा असता तर मी तो तिथेच बसवून घेतला असता.

पहिले कडवे संपले आणि बाई उठल्या. त्यांनी शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माईकपाशी आल्या.

वासुदेवराव लगबगीने म्हणाले, "बाई, दोन शब्द बोलायचेत का? रेकॉर्ड संपू दे."

"ती संपलेलीच आहे," बाई म्हणाल्या. "मी नाही संपले. गोपीनाथ, सुई उचल."

गोपीनाथने क्षणभर चिटणिसांकडे पाहिले आणि सुई उचलली. बाईंनी सोनीबाईची रीत चार शब्दांत सांगितली आणि हातानेच ताल धरला.

"कचेरीचे वासुदेवराव, चहा पिती बशीत,
नवं गाणं दारी उभं, जुनं घेती कुशीत.
ओ द्या, वासुदेवराव, ओ द्या!"

वासुदेवरावांनी ओ दिली नाही. ते लाल होऊन पायांकडे पाहत राहिले. बाईंनी तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा ओ नाही. मी खांबावर जीव मुठीत धरून होतो, कारण आज ओ मिळाली नाही तर बाईंना या गावात पुन्हा माईक मिळणार नव्हता. ओळ परत आली तेव्हा वरच्या सुरावर बाईंचा आवाज फुटला. त्या थांबल्या आणि त्याच जागेपासून पुन्हा गाऊ लागल्या.

तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला, "ओ!" वासुदेवरावांची बायको सुधा उभी राहिली होती. "यांची ओ माझ्याकडून घ्या, बाई. आता माझं नाव घाला."

बाईंनी घातले. पापड वाळत घालून दिवसभर कावळ्यांशी भांडणारी सुधा त्या गाण्यात अशी उभी राहिली की सगळा मांडव हसला. मग कोपऱ्यातून किराणावाल्याची जमना ओरडली, "बेन, मारुं नाम क्यां?" तिचेही नाव आले. मग स्टेशनवाले, मग शाळेतले मास्तर. आता कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. सगळे बाईंकडे पाहत होते. मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

शेवटी बाई पुन्हा चिटणिसांच्या ओळीवर आल्या. वासुदेवरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, आणि हळूच म्हणाले, "ओ." माईक जवळ होता म्हणून ती ओ मी साऱ्या गावाला ऐकवली.

सगळे गोड झाले असे समजू नका. पुढच्या वर्षी समितीने मुंबईहून वाद्यवृंद आणला. वासुदेवरावांची तबकडी अजून मखमलीत आहे, आणि तिचे कौतुक करताना ते अजून उसासा टाकतात. पण त्यांच्या मुलीच्या हळदीला सुधाने तबकडी लावू दिली नाही. बाईंना बोलावले.

आता माझे. गेल्या वर्षी, १९६७ साली, मी लॉरीतून पडलो आणि हा पोचा आला. नवे चकचकीत कर्णे आले आणि मला पातेल्यांशेजारी ठेवले. दसऱ्याला गोपीनाथने मला पुसले, हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगू लागला, "हा डहाणू रोडचा पहिला कर्णा हो! काय वाजायचा!"

वाजायचा! माझा पत्रा तापला. मी अजून वाजतो, हे कोणी पाहायलाच तयार नव्हते.

इतक्यात मनोरमाबाई आल्या. केस पांढरे झालेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गोपीनाथ, त्याचा हार काढ. वायर जोड. शुक्रीच्या धाकट्या बहिणीची, नवशीची, हळद आहे तलासरीला. मला हाच हवा."

"बाई, त्याला पोचा आहे."

"मलाही आहेत," बाई म्हणाल्या.

पुन्हा एसटीच्या टपावरून मी त्या पाड्यावर गेलो. अंगणात सोनीबाई खाटेवर बसली होती. बाईंनी एकेक नाव घेतले, एकेक ओ आली. मी प्रत्येक नाव शेताच्या बांधापर्यंत पोचवले. नावे संपली असे वाटले तेव्हा बाईंनी वर पाहिले.

"गोपीनाथाचा कर्णा बाई, पोचा त्याच्या गाली,
साऱ्यांची नावं सांगितली, त्याची पाळी आज आली.
ओ दे रे कर्ण्या, ओ दे!"

इतक्या वर्षांत माझे नाव कोणी घेतले नव्हते. मी एक लांब शिट्टी दिली. गोपीनाथ म्हणतो, बाई माईक घेऊन माझ्या फार जवळ आल्या म्हणून ती वाजली. म्हणू दे त्याला. सोनीबाईला मात्र कळले. ती खाटेवरून म्हणाली, "दिली त्यानं ओ. म्होरं गा."

मित्रांनो, तुमच्या गावात कोणी जुना गाणारा असेल तर त्याच्यासाठी शाल आणायची घाई करू नका. त्याला ते एक जुने गाणे मागू नका. या वर्षी काय नवे केले ते विचारा, आणि त्यात तुमचे नाव आले तर मुकाट बसू नका. हार नंतर घाला. आधी वायर जोडा.