टॉवरचे माप

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, पण अंगभर आकडे आहेत. कोणी हातात घेतले की तुम्ही सरळ होता आणि काम झाले की गुंडाळी करून झोपता. जमले? मग आता तुम्ही मीच झालात. मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिवणकाम करणारी माणसे मला टेप म्हणतात.

एका कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, टोकांना पितळेच्या पट्ट्या बसवल्या आणि मी एका आत्याच्या गळ्यात येऊन पडले. आत्या शाळेचे गणवेश शिवते. तिची भाची एका जागी टिकत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. पहिले आकडे ती माझ्या अंगावरूनच शिकली. आत्याने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. "पोरं वाढतात गं. माप घेतलं की वर वीतभर माया सोडायचीच." माया म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड. मूल वाढले की ते उसवायचे आणि गणवेश लांब करायचा. कितीतरी मुलांनी त्या वीतभर कापडावर आणखी एक वर्ष काढले. अशा हातांत मी पडले, हे माझे भाग्यच.

एके दिवशी आमच्या इमारतीच्या फाटकावर कागद लागला. आवारात मोबाइलचा टॉवर येणार होता. लगेच खाली सगळे जमले.

"माझं तर आत्तापासूनच डोकं दुखतंय," एक काकू म्हणाल्या.

"अहो वहिनी, तो अजून कागदावर आहे. आधी उभा तरी राहू द्या!" पोस्टमनकाका म्हणाले. काका स्वतः लेकीशी बोलायला जिन्यात जाऊन ओरडत असत. फोन नीट लागावा, असे सगळ्यांनाच वाटत होते. फक्त टॉवर खिडक्यांना चिकटून नको होता.

कंपनीचे इंजिनीअर आले. "गच्चीच्या कठड्यापेक्षा उंच जाणार नाही," त्यांनी सांगितले. कोणाचाच विश्वास बसेना.

"मग बघूया ना!" भिंगरी म्हणाली. "कागदावर उंची लिहिलीय, तेवढा दोरा मोजू. त्याला गॅसचे फुगे बांधू. फुगे थांबतील तिथे टॉवरचं टोक!"

इंजिनीअरही हसून तयार झाले. भिंगरीने मला दोऱ्याशेजारी धरले आणि भराभरा मोजले. टॉवरच्या जागेवरून फुगे सुटले. ते वर गेले, आणखी वर गेले आणि थेट कठड्याच्याही वर जाऊन डुलू लागले.

"बघा! साहेब चक्क खोटं बोलले!" एकच गलका झाला. इंजिनीअर कागद उलटासुलटा करून पाहत राहिले. त्यांचा चेहरा पार पडला.

भिंगरी मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. माझे टोक आले की दर वेळी, गणवेशाच्या सवयीने, तिने वीतभर दोरा जास्त सोडला होता. मला ते कळत होते, पण मला बोलता कुठे येते?

"आत्या," ती हळूच म्हणाली, "मी माया धरली."

काकांनी ऐकले. "गप गं भिंगरे! जिंकतोय आपण."

"पण काका, साहेब खोटं नव्हते बोलले."

आत्याने काकांकडे पाहिले, भिंगरीकडे पाहिले आणि दोऱ्याला हात घातला. "चल, ओढ खाली."

या वेळी माझे एक टोक भिंगरीने धरले आणि दुसरे इंजिनीअरांनी. ज्यांच्याशी भांडण होते, त्यांनीही मला विश्वासाने हातात घेतले. मित्रांनो, मोजपट्टीला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मला नीट गुंडाळून ठेवणाऱ्या, कधी ताणून सैल न करणाऱ्या आत्याचे मी तेव्हा मनोमन आभार मानले.

फुगे पुन्हा वर गेले आणि कठड्याखाली थांबले. अगदी वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीसमोर. आत एक आई आपल्या तान्ह्या बाळाला झोपवत होती. तिने हात बाहेर काढला आणि तो फुग्यांना लागला.

इंजिनीअर जिना चढून वर गेले. त्या खिडकीत बराच वेळ उभे राहिले. खाली येऊन म्हणाले, "माझी उंची बरोबर होती. पण ही खिडकी माझ्या कागदावर नव्हती. टॉवर इथे नको. पाण्याच्या टाकीमागे जागा आहे, ती बघतो."

टाळ्या पडल्या. काकांनी भिंगरीचा कान धरला. "हरवायलाच निघाली होतीस की गं आम्हाला!"

ती हसली नाही. "काका, टाकीमागे कोण राहतं?"

"कोणी नाही गं. तो पंपवाला आणि त्याची बायको, बस."

भिंगरीने मला गळ्यात घातले, फुग्यांचा दोरा मनगटाला गुंडाळला आणि टाकीमागच्या घराचे दार वाजवले.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या शेजारी टॉवर येणार म्हणतात. केवढा येईल, दाखवू?"