डाव्या डोळ्याचा निळा

शेवाळाला वास असतो, हे बेटावर सुट्टीला येणाऱ्यांना फोटोत कळत नाही. आमच्या मागच्या खोलीत या, म्हणजे कळेल. ओहोटी लागली की बाबा टोपलीभर गोळा करून आणतात आणि आजचं, कालचं, कुजून बुळबुळीत झालेलं, सगळं एकाच बादलीत ओततात. मी याच वासात जेवले, याच वासात अभ्यास केला, नवऱ्याशी पटेना म्हणून परत आले तीही याच वासात. नाक कधीच मेलं. किळस काही मेली नाही, ती रोज सकाळी माझ्याबरोबर उठते.

बाबांचं काम उन्हाचे छाप काढायचं. कागदाला औषध लावायचं, तो अंधाऱ्या खोलीत वाळवायचा, त्यावर शेवाळ मांडायचं आणि वर काच दाबून उन्हात ठेवायचा. ऊन लागेल तिथे औषध धरतं, शेवाळाखाली धरत नाही. मग पाण्यात धुतला की भोवती निळा आणि मधे पांढरं शेवाळ, एकेक दोरा मोजावा इतकं स्वच्छ. धुणं माझ्याकडे. पण उन्हातून कागद कधी उचलायचा ते बाबा ठरवणार. सगळी कला त्या उचलण्यात आहे. घाई केली तर फिका, रेंगाळलात तर काळाठिक्कर. बाबांसारखा निळा अख्ख्या बेटावर कुणाला साधला नाही, आणि अख्ख्या बेटाला त्याचं काही पडलेलंही नव्हतं. लोक जाता जाता एखादं कार्ड घ्यायचे आणि घरी नेऊन त्यावर चहाचा कप ठेवायचे.

मग मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांत. पलीकडच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, डोळ्यातलं भिंग पिवळट तपकिरी होतं, त्यातून निळा नीट पोचतच नाही. ऑपरेशन लवकर करा, फार पिकू दिलात तर डोळाच जाईल. बाबांना निळा मातकट दिसायला लागला होता. म्हणून ते "अजून रंग चढला नाही" म्हणत कागद उन्हातच ठेवायचे आणि माझ्या टबात यायची ती नुसती काळी डबकी. त्यात शेवाळ बुडून मेलेलं.

"बाबा, करपलेत हे," मी म्हणायची.

"तुला काय कळतंय. आत्ता कुठे रंग येतोय."

ऑपरेशनचं ठरवणार तेवढ्यात अहाहा उगवला. अहाहा म्हणजे शहरातल्या कलादालनाचा मालक. कुठलंही चित्र पाहिलं की हा आधी डोळे मिटतो आणि म्हणतो, अहाहा. डोळे मिटून काय दिसतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. बोलताना ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी साचते, ती जिभेनं आत घेतो आणि पुढे बोलतो. माझा चहा तिथेच संपतो. आमच्या करपलेल्या कागदांपुढे उभा राहून म्हणाला, "हा पत्नीवियोगाचा निळा आहे." आईला जाऊन इतकी वर्षं झाली होती की कुणाचा वियोग, हे बाबांनाही क्षणभर आठवेना. पण मान मात्र गंभीरपणे हलवली.

झालं. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते थेट शेंड्यावर. मी ऑपरेशनचं नाव काढलं की अहाहा कळवळायचा. "काका, ही नजर पुसून टाकू नका. अशी नजर मागून मिळत नाही." आणि बाबा मला सांगायचे, "बघू गं, प्रदर्शन होऊन जाऊ दे." आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे मला समोर दिसत होतं. अहाहाची शिसारी यायचीच, पण बाबांचीही यायला लागली, आणि ती सांगायची कुणाला? जन्मभर कुणी शाबास म्हटलं नाही, म्हणून माणूस स्वतःचे डोळे देऊन टाकतो का?

एके दिवशी अहाहा आलेला होता, आणि मी उन्हातला कागद उचलायला गेले. काचेखालचं शेवाळ हलत होतं. वाकून पाहिलं तर तो मेलेला मासा होता, पोट फुटलेला, काचेनं चपटा झालेला, आणि त्यातून अळ्या बाहेर पडून कागदभर सरपटत होत्या. बाबांनी त्याची आतडी बोटांनी विंचरून नीट पसरली होती. आमच्या खोलीत वासानं ओळखायची सोय नाही आणि डोळ्यांचं हे असं. मी मागे वळले. बाबा पायरीवर बसून त्याच बोटांनी पाव मोडून खात होते. मी कुंपणापाशी जाऊन ओकले.

येऊन बघते तर अहाहानं तो कागद स्वतःच पाण्यातून काढून वर धरलेला. अळ्या फिरल्या तिथे फिकट रेघोट्या उमटल्या होत्या.

"अहाहा. काय ही हालचाल. प्रदर्शनाच्या मध्यभागी हेच लावू."

"त्या अळ्या आहेत," मी म्हटलं. "कुजलेल्या माशातल्या."

"अहाहा," तो आणखी हळू आवाजात म्हणाला.

बाबांच्या हातात पावाचा तुकडा तसाच राहिला. त्यांनी बोटं नाकाशी नेली, लुंगीला पुसली, परत नाकाशी नेली. "मला शेवाळ वाटलं गं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते पुन्हा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी जाऊन लाँचच्या धक्क्यावर उभे राहिले.

आधी उजवा डोळा केला. डाव्याची तारीख पुढची मिळाली. पट्टी निघाल्यावर आम्ही लाँचनं परत येत होतो, तेव्हा बाबा कठड्याला धरून एकदा हा डोळा मिटत, एकदा तो.

"उजव्यानं बघितलं की समुद्र," ते म्हणाले, "आणि डाव्यानं बघितलं की चहा."

शेजारच्या बाईलाही त्यांनी ते सांगितलं. तिनं विचारलं, दूध घातलेला की बिनदुधाचा? बाबांनी डावा उघडून नीट पाहिलं आणि म्हणाले, बिनदुधाचा, पण उरलेला. मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. घरात उरलेले सगळे करपलेले छाप खाली मांडले. बघता बघता त्यांचं तोंड कडू झालं.

"शी. हे मी केलं?"

"हो."

"हेही मीच?"

"सगळे तुमचेच, बाबा."

बापाला किळस आली म्हणून आनंदानं डोळे भरून येणारी मुलगी जगात मी एकटीच असेन. माझे बाबा परत आले होते. "टबात धुण्याचा सोडा कालव," ते म्हणाले. सोडा निळा खाऊन टाकतो, कागद पिवळट होऊन मोकळा होतो. "एकही ठेवू नकोस. लाज आणलीये नुसती." मी बाही वर करून सोडा कालवायला बसले.

तेवढ्यात दारातून अहाहा आला. काखेत तो अळ्यांचा छाप, जाड चौकटीत बसवलेला.

"काका, प्रदर्शनात लोक याच्यापुढून हलायला तयार नव्हते. एक बाई तर रडली. सगळे विचारतायत, पुढचे कधी?" आणि डोळे मिटले.

बाबांनी चौकट हातात घेतली. उजव्या डोळ्यानं पाहिलं आणि त्यांचं नाक आकसलं, मी स्पष्ट पाहिलं. आता बोलतील म्हणून मी सोड्यातला हात तसाच ठेवून थांबले. पण बाबांचा तळवा हळूच वर गेला आणि उजव्या डोळ्यावर बसला. नाक सैल झालं, कपाळ सैल झालं.

"डाव्याची तारीख कधीची आहे गं?"

"पुढच्या आठवड्यात."

"राहू दे ती."

"बाबा, हात काढा डोळ्यावरचा."

"थांब गं," ते म्हणाले. "नीट बघू दे मला."