आवतण मिळालेला डिफरन्शियल

मित्रांनो, मी एक जुना, कुलूपवाला डिफरन्शियल आहे. त्या पोळ्याला कवड्या बैल वाचला. हे दुसरं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते सांगितलेलं नाही. बैलाचं काय झालं ते अजून कोणालाच ठाऊक नाही, आणि मी घाबरलेलो आहे.

घाबरणं हा माझा मूळ स्वभाव आहे. परदेशातल्या एका कारखान्यात मला लढाईसाठी घडवलं. लढाईत मी एकही गोळी पाहिली नाही. मी गाडीच्या पोटाखाली असायचो. तिथून फक्त रस्ता दिसतो, आणि तोही फार जवळून. लढाई संपली, सरकारनं आम्हाला भंगारासारखं विकून टाकलं, आणि फिरत फिरत मी शेगावला रहेमतुल्ला मिस्त्रींच्या कारखान्यात एका गोणपाटावर येऊन पडलो.

माझं काम थोडक्यात सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं आणि आतल्याला कमी. म्हणून दोन मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल बसवतात. तो दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. पण एक चाक चिखलात गेलं की साधा डिफरन्शियल सगळं बळ त्या गरागरा फिरणाऱ्या रिकामटेकड्या चाकालाच देतो. कोरड्यात उभं असलेलं कष्टाळू चाक नुसतं बघत राहतं. माझ्यात मात्र एक कुलूप होतं. खटका ओढला की दोन्ही चाकं एकत्र फिरत.

उन्हाळ्यात सोनाळ्याचे उत्तमराव आपला डिस्पोजलचा, म्हणजे माझ्यासारखाच लढाईनंतर विकून टाकलेला, ट्रक घेऊन कारखान्यात आले. महाराजांच्या दर्शनासाठी त्यांची आई मनकर्णाबाईही बरोबर होती. गोणपाटावर आम्ही दोघं होतो. मी, आणि माझ्याशेजारी एक चकत्यांचा डिफरन्शियल.

"हा चकत्यावाला आपल्या मनानं चालते," मिस्त्री म्हणाले. "चाक घसरलं का स्वतःच पकडते. खटका नाही, काही नाही. पण एक चाक पुरं अधांतरी झालं, तं याची पकड ढिली पडते."

"अन् हा?"

"हा हुकमाचा बंदा हाय. तुमी खटका ओढसाल तवाच चालन. पण एक गोष्ट याद ठेवा उत्तमरावभाऊ. चिखलातून निघालं का कुलूप काढा लागते. कडक जमिनीवर कुलूप लावून गाडी वळवली, का काहीतरी तुटलंच समजा."

उत्तमरावांनी आईकडे पाहिलं, ड्रायव्हर शकूरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आपल्या मनानं चालनारे घरात लय हायेत. खटक्यावाला बसवा."

अशी माझी निवड झाली. मला फार आनंद झाला नाही, कारण 'तुटलंच समजा' हे शब्द मी ऐकले होते.

मिस्त्रींनी मन लावून काम केलं. दात दाताला नीट लागतो की नाही ते पाहण्यासाठी त्यांनी तेलात शेंदूर कालवून माझ्या दातांना फासला. ही त्यांची नेहमीची रीत. फिरवलं की जिथला शेंदूर पुसला जाईल तिथे दात टेकला. नेमक्या त्याच वेळी मनकर्णाबाई दर्शन घेऊन परत आल्या. शेंदूर फासलेलं, गोल, काळं काहीतरी त्यांनी पाहिलं आणि हात जोडले.

"माय, ते मोटारीचं सामान हाय," उत्तमराव म्हणाले.

"असू दे. काम काय करते?"

"दोन चाकं एका जुवात जुपते."

"मंग तं आपल्यातलाच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. मित्रांनो, पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला.

सोनाळ्याच्या काळ्या मातीत पावसाळाभर मी राबलो. पूर्वी ट्रक फसला की मनकर्णाबाईंचा कवड्या येऊन ओढायचा. हा बैल आठ दिवसांचा असताना त्याची आई मेली. मनकर्णाबाईंनी त्याला बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. मी आल्यापासून त्याला चिखलात यावं लागलं नाही. लोक म्हणाले, उत्तमरावांच्या ट्रकाले कोहळं बसवलं, तवापासून फसत नाही. कोहळं म्हणजे मी. याला कौतुक म्हणायचं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकून त्यांना लोणी-हळद चोळतात. मनकर्णाबाईंनी कवड्याचे खांदे चोळले आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग वाटी घेऊन त्या सरळ ट्रकाखाली शिरल्या.

"मायबाई, काय करून राह्यल्या?" शकूर ओरडला.

"यानंही जू वाह्यलं ना?"

"याले ग्रीस लागते!"

"ग्रीस तुह्या हातचं रोजचंच हाय. सणाले लोनी."

माझ्या खटक्याचा दांडा जिथे पोटात शिरतो, त्या भोकात त्यांनी लोणी-हळद बोटानं चेपून भरली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," त्या मलाही म्हणाल्या. आजवर मला कोणी कशाचंच बोलावणं केलं नव्हतं. मी इतका भांबावलो की घाबरायचंसुद्धा विसरलो. शकूर दांडा पुसायला फडकं घेऊन वाकला, पण मनकर्णाबाई तिथेच उभ्या होत्या. फडकं त्यानं आपल्याच खांद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिंगं रंगवायला सोडलेला कवड्या चुलीमागे गेला आणि सगळ्या घराचं पुरण एकट्यानं खाऊन आला. आवतण त्यानं फारच मनावर घेतलं होतं. दुपारपर्यंत त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. वाजवली तर आवाजही तसाच येत होता. तो दात खाऊ लागला, मान टाकू लागला.

"शेगावले गुराचा डाक्टर हाय," उत्तमराव म्हणाले. "शकूर, गाडी काढ."

सहा माणसांनी कवड्याला ट्रकात चढवलं. एक शिंग हिरवं, दुसरं रंगवायचं राहिलेलं. मनकर्णाबाई त्याचं डोकं मांडीशी धरून बसल्या. वरून त्याचा घरघरणारा श्वास मला ऐकू येत होता, आणि मधेच तो ऐकू येईनासा व्हायचा.

गावाबाहेरच्या नाल्यात ट्रक फसला. उजवं चाक चिखलात भिरभिरलं. डावं जागच्या जागी. समोर उभी चढण.

"खटका ओढ बे!"

शकूरनं ओढला. हळद आणि धूळ धरून चिकट झालेल्या लोण्यानं दांडा जड झाला होता. मी अर्ध्यावर थांबलो. मित्रांनो, मी दात मिटून घेतले असते, पण तेच तर माझं काम आहे आणि तेच होत नव्हतं. वरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. त्या ओरडत नव्हत्या. बैलाच्या कानाशी हळूच म्हणत होत्या, "जेवाले बोलावलं अन् म्याच मारलं का रे तुले?"

शकूरनं दोन्ही पाय टेकून पुन्हा ओढलं. खट्ट! दोन्ही चाकं एका जुवात आली. ट्रकाचं तोंड आभाळाकडे झालं आणि आम्ही चढण चढू लागलो. माझा प्रत्येक दात सुटून जाईल असं वाटत होतं. चिखल उडून त्या लोण्याच्या भोकात थापला जात होता. वर कवड्याचं डोकं उंच, मागचा भाग खाली. ऐन चढणीवर त्यानं मान लांब केली.

आणि ढेकर दिला.

तो ढेकर पुढे सांगण्यासारखा राहिला नाही, कारण पाचशे पावलांवरच्या माणसांनी तो स्वतःच ऐकला. पुरणाचा वास नाल्याभर पसरला. वर पोचेपर्यंत त्यानं आणखी तीन दिले, कूस बसली, आणि तो मनकर्णाबाईंचा पदर चघळू लागला. त्या रडत होत्या आणि पदर सोडवत नव्हत्या.

"फिरव गाडी घरी!" उत्तमराव आनंदानं म्हणाले.

वर कडक मुरूम होता. शकूरनं कुलूप काढायला खटका ढकलला. हलेना. लोणी, हळद आणि काळी माती यांचा गिलावा झाला होता.

"भाऊ, कुलूप निघत नाही. मिस्त्री म्हनले होते..."

"अबे, थोडंसंच तं वळाचं हाय. पोळा फुटाची वेळ झाली, तोरनाखाली बैलं उभे असतीन!"

मला सगळं आठवत होतं. पण डिफरन्शियलला ओरडता येत नाही. त्याला एकच आवाज काढता येतो, आणि तो एकदाच. चाक वळलं. आतल्या चाकाला सावकाश जायचं होतं, बाहेरच्याला धावायचं होतं, आणि दोघंही माझ्या हातात बांधलेली. मी तो आवाज काढला. माझे चार दात गेले.

ट्रक आडवा उभा राहिला. उत्तमराव म्हणाले, "कवड्याले जुपा, वढून नेऊ."

मनकर्णाबाई खाली उतरल्या. "आज पोळा हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू नाही."

सगळे पायी गेले. कवड्या पुढे. दूरवर तोरणाखाली वाजंत्री ऐकू येत होती. मला मात्र कोणी सोडून नेलं नाही.

सणानंतर मिस्त्रींनी मला उघडलं तेव्हा एवढंच विचारलं, "याच्यात हळद कोनं भरली? लगन होतं का याचं?" ट्रकाला साधा डिफरन्शियल बसला. मला गोठ्यात टाकलं. कवड्याचं दावं आता मलाच बांधतात. दर खांदशेकणीला मनकर्णाबाई त्याचे खांदे चोळतात, त्याला आवतण देतात, मग वाटीत उरलेल्या लोण्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, हात पदराला पुसतात आणि आत जातात.

म्हणून मित्रांनो, यंत्राला ग्रीस द्या, आणि ज्यानं बसवलं त्याचं ऐका. बाकी माझं म्हणणं मी रीतसर मांडतो.

मेहेरबान डिप्टी कमिशनर साहेब, जिल्हा बुलडाणा, यांचे सेवेशी. अर्जदार कुलूपवाला डिफरन्शियल, राहणार गोठा, मौजे सोनाळा, विनंती अर्ज करतो की, सन १९४६ च्या पोळ्याचे आवतण अर्जदारास समक्ष मिळाले असून जेवण अद्याप मिळालेले नाही. जेवणाबद्दल तक्रार नाही. परंतु अर्जदाराच्या अंगी आता लोण्याने अडकण्यासारखे काहीही शिल्लक नाही, याची मौक्यावर चौकशी होऊन, श्रीमती मनकर्णाबाई यांस वाटीतील उरलेले लोणी अर्जदारास लावण्याची सरकारी परवानगी मिळावी. पोळा जवळ आला आहे. त्वरित हुकूम व्हावा, ही विनंती.